पुरुषाच्या सुईला कारण लागतं

डिसेंबर १९४१. जर्मनीतल्या डोसेल-वारबुर्गच्या युद्धकैद्यांच्या छावणीत अ‍ॅलेक्सिस कॅसडाग्ली या ब्रिटिश मेजरने कापडाच्या एका तुकड्यावर क्रॉस स्टिचचं भरतकाम पुरं केलं. त्याच वर्षी क्रीट बेटावर तो जर्मनांच्या हाती सापडला होता. कापड त्याला सोबतच्या एका कैद्याने दिलं होतं. लाल-निळा दोरा त्याने काढला तो एका म्हाताऱ्या क्रीटन जनरलच्या उसवत चाललेल्या स्वेटरमधून. मधला मजकूर अगदी साधा आहे: हे काम अमुक मेजरने, अमुक ठिकाणी कैदेत असताना, अमुक महिन्यात केलं. भोवती नक्षी, त्या नक्षीत नाझींचं स्वस्तिक. आणि कडेने टिंबं-रेघांची, जरा वेडीवाकडी वाटणारी किनार.

ही किनार म्हणजे मोर्स कोड. आपल्याकडची तारसेवा २०१३ साली बंद झाली, त्यामुळे आज विशीत असणाऱ्याला ‘कडकट्ट’चा आवाज माहीत असण्याचं कारण नाही. टिंब आणि रेघ या दोनच खुणांतून अक्षरं तयार करण्याची ती पद्धत. कॅसडाग्लीच्या किनारीत दोन वाक्यं लपली होती. एकात राजाला देव राखो अशी प्रार्थना, आणि दुसऱ्यात हिटलरला दिलेली इंग्रजीतली ती प्रसिद्ध चार अक्षरी शिवी. जर्मनांना काम आवडलं. पुढच्या चार वर्षांत मेजरला चार छावण्यांत ठेवलं गेलं, तिथे तिथे त्यांनी ते कौतुकाने मांडलं. शिवी कुणालाच वाचता आली नाही.

२०११ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधल्या ‘पॉवर ऑफ मेकिंग’ या प्रदर्शनात हे काम लोकांना पाहायला मिळालं. तेव्हापासून ही गोष्ट फिरते आहे. तुमच्याही स्क्रीनवर एखाद्या रीलमधून येऊन गेली असेल. ‘पुरुष आणि क्रॉस स्टिच’ असं कुठे काही निघालं की पहिलं उदाहरण हेच येतं. मी स्वतः क्रॉस स्टिच करतो, त्यामुळे मला तर ही गोष्ट वर्षातून चार-पाच जण पाठवतातच. सोबत एक वाक्य ठरलेलं: ‘बघ, आर्मीतले लोकही करायचे.’

गोष्ट भारीच आहे. माझी तक्रार एवढीच आहे की ती इतकी भारी आहे, की ते भरतकाम कुणी पाहतच नाही. मेजरची शिवी सगळ्यांना पाठ असते, मेजरचे टाके कुणाला आठवत नाहीत. आणि हे काही योगायोगाने होत नाही. पुरुषाच्या हातात सुई दिसली की आपल्याला त्यामागे एक कारण हवं असतं. गुप्त संदेश हे तर सगळ्यात मर्दानी कारण. हेरगिरी, युद्ध, शत्रूच्या नाकावर टिच्चून केलेली चेष्टा: यात भरतकाम कुठे उरलं? ते फक्त पाकीट झालं, आतल्या पत्रासाठी.

तर या लेखात मला ही कारणंच तपासायची आहेत. आणि त्यातल्या एकाहीवाचून पुरुषाने टाके घालायला काय हरकत आहे, हे विचारायचं आहे.

*

आधी ते काम नीट पाहू. कॅसडाग्लीने जे केलं त्याला ‘सॅम्प्लर’ म्हणतात. सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत मुलींना शिवणकाम शिकवताना असा एक तुकडा करून घेत. त्यावर बाराखडीसारखी अक्षरं, आकडे, एखादं घर, झाड, एखादं धार्मिक वचन, आणि खाली त्या मुलीचं नाव, वय, तारीख. टाके आणि अक्षरं एकदमच गिरवायची. शिवाय मान खाली घालून, न बोलता, तासन्‌तास एका जागी बसायची सवयही त्यातूनच लावायची. रोझिका पार्कर या कलेतिहासकार बाईंचं १९८४ सालचं ‘द सबव्हर्सिव्ह स्टिच’ हे पुस्तक याच मुद्द्यावर उभं आहे: भरतकामाने मुलींना ‘बाईपण’ शिकवलं, आणि त्याच भरतकामाने त्यांना त्या शिकवणीला गुपचूप बगल द्यायची जागाही दिली. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये चर्चसाठी सोन्या-रेशमाचं जे जगप्रसिद्ध भरतकाम होई, ते स्त्रिया आणि पुरुष दोघंही करत, हेही पार्कर आठवण करून देतात. सुई बायकांची ही समजूत नंतर हळूहळू घट्ट होत गेली.

आता हे डोक्यात ठेवून मेजरचा तुकडा पुन्हा पाहा. नाव, जागा, महिना, वर्ष. चारी बाजूंनी किनार. सगळं शिस्तीत, सगळं मोजून. एका सैनिकी अधिकाऱ्याने कैदेत बसून दहा वर्षांच्या मुलीचा गृहपाठ केला आहे. त्यातली खरी गंमत मला इथे वाटते. मान खाली घालून बसलेली शहाणी मुलगी जशी दिसते, तसा त्या कापडावर तो शहाणा कैदी दिसतो. पहारेकऱ्यांना कापडात तेवढंच दिसलं, कारण भरतकाम म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत त्यांचीही होती. म्हणजे शिवी लपली ती फक्त मोर्समुळे लपली नाही. ‘बायकी’ कामाकडे कुणी निरखून पाहत नाही, या सवयीमुळेही लपली. हा डाव मेजरच्या आधी शेकडो वर्षं असंख्य बायका खेळल्या असणार. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

आपल्याकडे हे सगळं ओळखीचं आहे. एखाद्या जुन्या घरात जा. दिवाणखान्यात काचेच्या फ्रेममध्ये मॅटीवर भरलेले दोन राजहंस, पोपटांची जोडी, नाहीतर ‘सुस्वागतम्’ असतं. दोसुतीचा टेबलक्लॉथ असतो. उशीच्या अभ्र्यावर इंग्रजीत ‘गुड नाइट’ असतं. आत्याने केलंय, आजीने केलंय, मावशीने लग्नाआधी केलंय, असं सांगतात. कापडावर मात्र बहुधा नाव नसतं, साल नसतं. इंग्रज मुलीला निदान सॅम्प्लरच्या तळाशी सही करायची मुभा होती. आमच्या राजहंसांखाली तेवढीही जागा कुणी ठेवली नाही.

यातलं बरंचसं काम रुखवतासाठी व्हायचं. लग्नाच्या हॉलमध्ये एका बाजूला टेबलं मांडून नवरीचं हातकाम ठेवायचं आणि वरपक्षाने ते बघत फिरायचं. मुलीच्या हाताची, डोळ्याची आणि मुख्य म्हणजे सोशिकपणाची ती जाहीर परीक्षाच. आज रुखवत भाड्यानेही मिळतं हा भाग वेगळा.

पण त्याच हॉलमध्ये दुसरंही भरतकाम असतं. नवरीच्या ब्लाउजवरचं आरीचं किंवा जरदोसीचं काम. मुंबईत असं काम करणारे कारागीर मोठ्या संख्येने पुरुष आहेत, बरेचसे उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेले. लाकडी अड्ड्याभोवती मांडी घालून दिवसाचे कितीतरी तास ते सुई चालवतात. त्यांना कुणी बायकी म्हणत नाही, कारण ती मजुरी आहे. शिंप्याला कुणी बायकी म्हणत नाही. संत नामदेव शिंपी होते हे सांगताना कुणाला काही खटकत नाही.

म्हणजे एकाच हॉलमध्ये हिशेब असा: पुरुषाने पोटासाठी सुई धरली तर तो धंदा. बाईने घरासाठी धरली तर ती हौस, किंवा वळण. पुरुषाने हौस म्हणून धरली तर? त्या टेबलावर काहीच मांडलेलं नाही. मराठीत ‘हौसेला मोल नसतं’ म्हणतात. पण कुणी कुठली हौस करायची याचे दर ठरलेले आहेत. बुलेट, ट्रेक, कॅमेरा, रविवारचं मटण या पुरुषांच्या हौशी. त्यात सुई बसत नाही.

*

मग बसवायची कशी? गेल्या शंभर वर्षांत पुरुषांनी आणि त्यांच्या कौतुककर्त्यांनी यासाठी जे उपाय केले, ते एकापुढे एक ठेवले की एक नमुना दिसतो.

पहिलं कारण जखम. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये जखमी सैनिकांना भरतकाम शिकवण्यात आलं. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या वेदीसाठीचं एक वस्त्र ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका इथल्या सव्वाशेहून जास्त जखमी सैनिकांनी भरलं. अपंग सैनिकांना यातून मिळकत व्हावी यासाठी एक संस्थाही निघाली. तिच्यामागे धडपडणाऱ्यांत अर्नेस्ट थेसिजर हा नट होता. ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ या १९३५च्या सिनेमातला तो हडकुळा, तिरकस डॉक्टर प्रिटोरियस आठवतो का? तोच. स्वतः थेसिजर युद्धात जखमी झाला होता आणि भरतकामाचा जन्मभराचा शौकीन होता. त्याचं ‘अ‍ॅडव्हेंचर्स इन एम्ब्रॉयडरी’ हे पुस्तक १९४१ साली आलं, म्हणजे मेजर छावणीत स्वेटर उसवत होता त्याच वर्षी. मला या सगळ्या मंडळींत थेसिजर सगळ्यात जवळचा वाटतो, कारण पुस्तकाच्या नावातच त्याने सांगून टाकलं की त्याला यात मजा येते. सैनिकांना मात्र तशी मुभा नव्हती. त्यांच्या सुईला जखमेचं प्रमाणपत्र लागलं.

दुसरं कारण राष्ट्र, आणि त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच घरातलं आहे. ते सुईचं नाही, पण सुताचं आहे. सूत कातणं हे बहुतेक ठिकाणी बायकांचं काम. १९२४च्या बेळगाव काँग्रेसमध्ये, गांधी अध्यक्ष असताना, सभासदाने वर्गणी म्हणून महिन्याला २००० वार सूत द्यावं असं ठरलं. वकील, डॉक्टर, सावकार चरख्यापुढे बसले. पुढे शाळाशाळांतून मुलांच्या हातात टकळी आली. देशातल्या पुरुषांचे हात इतक्या मोठ्या प्रमाणावर बायकी कामाला लागल्याचं दुसरं उदाहरण मला सुचत नाही. पण कारण केवढं मोठं लागलं बघा: स्वराज्य. आणि कारण संपलं तसा चरखा माळ्यावर गेला. आजोबांनी सूत कातलं म्हणून वडिलांनी सुई धरली असं घर शोधून सापडणार नाही.

तिसरं कारण शरीर. रोझी ग्रिअर हा अमेरिकन फुटबॉलमधला भीमकाय कृष्णवर्णीय खेळाडू. लॉस एंजेलिस रॅम्सच्या ज्या चौघांना बघून समोरचे चळाचळा कापत त्यातला एक. १९६८ साली रॉबर्ट केनेडींवर गोळ्या झाडणाऱ्याला जागच्या जागी पकडणाऱ्यांतही तो होता. १९७३ साली याच ग्रिअरचं ‘रोझी ग्रिअर्स नीडलपॉइंट फॉर मेन’ हे पुस्तक आलं. नीडलपॉइंट म्हणजे जाळीदार कॅनव्हासवर मोजून घातलेले टाके, क्रॉस स्टिचचं सख्खं भावंड. त्या काळी असं पुस्तक काढायला धाडस लागलं असणार आणि त्याने किती तरी पुरुषांना हायसं वाटलं असणार, हे मी मनापासून मानतो. पण नावातलं ते ‘फॉर मेन’ मला टोचतं. ‘बायकांसाठी भरतकाम’ असं पुस्तक कुणी काढत नाही. आणि ग्रिअरकडे जो परवाना होता तो कागदावरचा नव्हता, अंगावरचा होता. एवढ्या आडदांड माणसाला हसणार कोण? वर्गातल्या किडकिडीत, आधीच ‘बायल्या’ म्हणून चिडवल्या जाणाऱ्या मुलाला तो परवाना उसना मिळत नाही. उलट त्याला कळतं, की आधी ग्रिअर व्हायचं, मग सुई धरायची.

चौथं कारण विनोद, आणि हे आपल्या काळाचं. इंग्लंडचा जेमी चाल्मर्स २००८पासून ‘मिस्टर एक्स स्टिच’ या नावाने समकालीन भरतकामाबद्दल लिहितो, दाखवतो. पुरुषांच्या भरतकामाला ‘मॅनब्रॉयडरी’ असा गमतीचा शब्द आहे, तो त्याच्याकडे भेटतो. चाल्मर्सची नजर चांगली आहे, त्याने दाखवलेलं बरंच काम अव्वल असतं. पण त्या शब्दाच्या मागोमाग जी लाट आली तिच्यात कवट्या आहेत, काळं कापड आहे, बंदुका आहेत आणि फुलाफुलांच्या महिरपीत बसवलेल्या शिव्या आहेत.

या शिव्यांवर थोडं थांबायला हवं. नाजूक किनारीत घाणेरडा शब्द भरायचा हा खेळ लोकप्रिय केला ज्यूली जॅक्सन या अमेरिकन बाईने, २००३ साली, ‘सबव्हर्सिव्ह क्रॉस स्टिच’ या नावाखाली. तिथे त्या शिवीला धार होती. ज्या चौकटीत पिढ्यान्‌पिढ्या मुलींना ‘सद्गुणी राहा’ असं भरायला लावलं, त्याच चौकटीत एक बाई शिवी भरते, तेव्हा ती चौकट तडकते. आता तीच शिवी, तीच फुलं, तोच टाका दाढीवाल्या पुरुषाने भरला की काय होतं? काहीच तडकत नाही. पुरुषाच्या तोंडी शिवी अपेक्षितच आहे. ती शिवी एवढंच सांगते: घाबरू नका, फुलं भरत असलो तरी मी अजून पुरुषच आहे. बाईच्या हातात ती शिवी फुलांवर उलटते, पुरुषाच्या हातात ती फुलांची माफी मागते.

आणि म्हणून मेजरची शिवी या रांगेत बसवणं मला चुकीचं वाटतं. त्याने ती दाखवण्यासाठी भरली नव्हती. त्याच्या कापडावर जे दिसतं ते नम्र आहे आणि जे उद्धट आहे ते दिसत नाही. आजच्या मर्दानी क्रॉस स्टिचमध्ये उद्धटपणा मोठ्या अक्षरात असतो आणि टाके घालताना मिळालेलं सुख लपवलेलं असतं. म्हणजे मोर्समध्ये काय भरायचं ते उलटंपालटं झालं आहे.

*

आता माझ्याबद्दल चार वाक्यं, कारण हा हिशेब मी बाहेरून मांडत नाही. मी मॅटी आणि अँकरच्या दोऱ्याच्या लडी घेऊन बसतो तेव्हा मला विचारले जाणारे प्रश्न ठरलेले आहेत. ‘कुणासाठी करतोयस?’ ‘विकतोस का?’ आणि अलीकडे, आवाज जरा हळू करून, ‘सगळं ठीक आहे ना?’ पहिल्यात प्रेम आहे, दुसऱ्यात धंदा, तिसऱ्यात आजार. तिन्ही प्रश्न आपुलकीचेच असतात. पण या तिन्हींपैकी एकालाही ‘हो’ म्हणता आलं नाही, तर समोरच्याचा चेहरा ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ असा होतो.

तिसरा प्रश्न हे पाचवं कारण आहे: मनःशांती. हे सध्याचं सगळ्यात लाडकं कारण, कारण ते खोटं नाही. मोजत टाके घातले की डोकं शांत होतं हे कुणीही सांगेल. कॅसडाग्लीचा मुलगा टोनी याने सांगितलं आहे की रेड क्रॉसने जीव वाचवला आणि भरतकामाने डोकं ठिकाणावर ठेवलं, असं वडील म्हणायचे. छावणीत ते खरंच औषध होतं. पण दर संध्याकाळी मॅटी घेऊन बसणाऱ्या माणसाला औषधच चालू असतं असं का धरायचं? बुद्धिबळ खेळणाऱ्याला कुणी ‘सगळं ठीक आहे ना’ विचारत नाही.

मग असतं तरी काय त्यात? साधं गणित देतो. चौदा काउंटच्या कापडावर इंचाला १४ चौकोन असतात. दहा इंच लांब, दहा इंच रुंद चित्र पूर्ण भरायचं तर १९,६०० फुल्या. प्रत्येक फुलीत दोन तिरके टाके, म्हणजे ३९,२०० वेळा सुई तिरकी न्यायची. दोऱ्यात सहा पदर असतात, त्यातले बहुधा दोन काढून घ्यायचे. आणि एक नियम: प्रत्येक फुलीतला वरचा टाका एकाच दिशेला झुकलेला हवा. एकाची जरी दिशा बदलली तरी उजेड तिथे वेगळा पडतो आणि डोळा नेमका तिथेच अडकतो. कुणी शेजारून पाहणारा सांगू शकणार नाही काय चुकलंय, पण काहीतरी चुकलंय हे त्यालाही कळतं.

तुम्ही गेमवर वाढलेले असाल तर हे तुम्हाला आधीच माहीत आहे. १९८५च्या खेळातला छोटा मारिओ १६ चौकोन उंच आहे. कापडावर तो सव्वा इंचाहूनही कमी भरतो. पिक्सेल आणि फुली एकाच घरातले. बरेच पुरुष क्रॉस स्टिचकडे याच दाराने येतात आणि मला ते दार आवडतं, कारण तिथे मर्दानगीचा पुरावा मागत नाहीत. आठवणीतलं एक चित्र चौकोन मोजून पुन्हा उभं करायचं, इतकंच काम असतं. मेजरचा मोर्सही तसाच बसला असणार: टिंब म्हणजे छोटी खूण, रेघ म्हणजे लांब खूण, मधल्या जागा मोजलेल्या. चौकोनांच्या कापडावर खुणांची भाषा अशीच सहज उतरते. ती किनार हुशारीने भरली हे खरं, पण त्याआधी ती हातांनी मोजून भरली, हे कुणी बोलत नाही.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. आजीने आयुष्यभर भरलेल्या फ्रेम्सना कुणी विचारलं नाही, आणि एका पुरुषाने एक मारिओ भरला की लाइक्सचा पाऊस. मग पुरुषाच्या हौसेसाठी गळा काढायचं काय कारण? मला वाटतं, या आक्षेपाचं उत्तर वरच्याच यादीत आहे. जखम, राष्ट्र, शरीर, विनोद, औषध या प्रत्येक कारणाचा अर्थ एकच होतो: ‘हे बायका करतात तसलं नाही.’ पुरुष जितकी कारणं देतो तितकं आजीचं काम खाली जातं. कारणाशिवाय सुई धरणारा पुरुष मात्र आजीच्या शेजारी जाऊन बसतो. तिचं काम वाचायला शिकतो. मॅटीवरच्या राजहंसाच्या मानेची वळणं चौकोनातून काढणं किती अवघड आहे, हे त्याला हाताने कळतं. फ्रेम उलटून मागची बाजू पाहायची इच्छा होते. जाणत्या बायका भरतकाम जोखताना नेमकं हेच करतात: मागे गाठी आहेत का, दोरा लांबलचक ओढून नेलाय का, बघतात. पुढच्या बाजूला काय सांगितलंय ते गोष्ट पाठवणारे बघतात. मागच्या बाजूला कसं केलंय ते करणारे बघतात. टीकाकारानेही दुसरं शिकावं, असं माझं म्हणणं आहे.

*

कॅसडाग्लीची दोन कामं अजून सांगतो, कारण रीलमध्ये ती येत नाहीत.

छावणीत आपल्या देशाचा झेंडा लावायला मनाई होती. मेजरने ब्रिटनचा झेंडा भरला आणि त्यावर कापडाची एक झडप शिवली. झडपेवर जर्मन भाषेत भरलं: उघडू नये. मुलाने सांगितलेली हकिकत अशी, की दर आठवड्याला एक अधिकारी येई, झडप उचली आणि म्हणे, हे बेकायदा आहे. मेजर म्हणे, तुम्ही दाखवताय, मी कुठे दाखवतोय? इथेही चेष्टा आहे, पण किती वेगळी. शिवीला शत्रू बहिरा असावा लागतो. झडपेला समोरचा माणूस लागतो, दर आठवड्याला न चुकता येणारा. रागापेक्षा कंटाळा मोठा असलेल्या जागी दोन माणसं एक नाटक करत राहतात, आणि ते नाटक चालतं भरतकामावर. मला ही शिवीपेक्षा वरची कलाकृती वाटते.

रेड क्रॉसकडून सामान येऊ लागल्यावर मेजरने छावणीत भरतकामाचा वर्गही चालवला. चाळीसेक अधिकारी शिकायला बसत. त्या चाळीस जणांनी काय भरलं याची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण त्यात कुणी कुणाला शिवी दिलेली नसावी. चाळीस पुरुष एका खोलीत, माना खाली, मोजत बसलेले. माझ्या दृष्टीने पुरुषांच्या क्रॉस स्टिचचं चित्र हे आहे.

आणि दुसरं काम म्हणजे मुलाला पाठवलेलं पत्र. टोनी तेव्हा अकरा वर्षांचा होता. वडिलांनी त्याला टाक्यांनी भरून कळवलं की तुला पाहून दीड हजारांवर दिवस झाले, नेमके किती तो आकडाही भरला, आणि पुन्हा भेटायला तितके लागणार नाहीत असंही सांगितलं. तो आकडा बघा. दिवस मोजणारा माणूस आणि टाके मोजणारा माणूस इथे एकच आहे. या पत्रात मोर्स नाही, कोडं नाही, चेष्टा नाही. जर्मन पहारेकऱ्याने वाचलं असतं तरी काही बिघडणार नव्हतं. एका बापाला मुलाची आठवण येते, हे उघड्या अक्षरांत, टाक्या-टाक्याने लिहिलं आहे. पुरुषांच्या भरतकामाची गोष्ट सांगताना आपण या कापडाऐवजी शिवीचं कापड निवडतो, यातून मेजरबद्दल कमी आणि आपल्याबद्दल जास्त कळतं.

युद्ध संपलं, मेजर घरी आला. शत्रू उरला नाही, पहारा उरला नाही, वेळ घालवण्याची सक्तीही उरली नाही. सगळी कारणं एका दमात संपली. तरी त्याने सुई खाली ठेवली नाही. तो मुलगा मोठा होऊन ब्रिटिश नौदलात कप्तान झाला, आणि पुढे तोही टाके घालू लागला. त्या टाक्यांवर आजवर कुणी रील काढलेली नाही.